नऊ नंबरसमोरचं स्टूल

माझी वहिनी तुरुंगात जाते, असं मी नव्या शेजाऱ्यांना मुद्दाम सांगते. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग जरा वेळाने सांगते, की ती संध्याकाळी परतही येते, कारण तिची नोकरीच तसली आहे. वहिनीला हा विनोद आवडत नाही. तिला एकूणच विनोद कमी आवडतात, आणि गेल्या वर्षापासून तर तिचं हसणंच बंद झालंय. का झालं ते सांगते. शांतपणे सांगता येईल असं वाटत नाही, पण बघू.

आधी आमचं घर. दादा, वहिनी आणि मी. दादा बस डेपोत वेळनोंद करायचा, आता निवृत्त होऊन घरातल्या घड्याळांच्या मागे लागलाय. मी पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून कपडे शिवते. माझा संसार दोन वर्षांत मोडला आणि मी एक पेटी घेऊन परत आले, तेव्हा वहिनीने काही विचारलं नाही. कपाटातले आपले कपडे एका बाजूला सारले आणि म्हणाली, "ही बाजू तुझी." नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं असतं म्हणतात. आमचंही तसंच आहे, पण चोवीस वर्षं एका घरात काढलीत. तेवढ्या हक्काने मी तिच्याबद्दल बोलते.

वहिनी आधी वजनमापं खात्यात निरीक्षक होती. ती दारात दिसली की दुकानदार तराजूची पारडी पुसायला लागत. घरातही तेच. दूधवाल्याचं माप तिने एकदा उलटं करून तळाचा पोचा सगळ्या जिन्याला दाखवला होता. तो बिचारा अजून आमच्याकडे बोटभर दूध जास्त घालतो. अकरा वर्षांपूर्वी तिला तुरुंग पाहणी मंडळात पाठवलं. तुरुंगावर तुरुंगवाल्यांनीच लक्ष ठेवलं तर काय होतं हे उघड आहे, म्हणून सरकारने हे वेगळं, स्वतंत्र मंडळ काढलं. आजाऱ्याला औषध मिळतं का, मारहाण होते का, आग लागली तर दारं उघडतात का, हे बाहेरच्या माणसाने जाऊन बघायचं. कल्पना चांगलीच आहे. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. या स्वतंत्र मंडळाची कचेरी तुरुंग खात्याच्याच इमारतीतल्या मागच्या दोन खोल्यांत, आणि बसायच्या खुर्च्या तुरुंगातल्या सुतारकामात बनलेल्या. माणसं तीन: मंडळाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, वहिनी आणि एक टायपिस्ट.

अधिकार मात्र ऐकायला मोठे आहेत. वहिनी कुठल्याही तुरुंगात न कळवता जाऊ शकते, हवा तो कागद मागू शकते, कुठल्याही कैद्याशी एकांतात बोलू शकते. आणि शेवटी शिफारस करू शकते. हुकूम नाही, शिफारस. तुरुंगाने साठ दिवसांत उत्तर द्यायचं, एवढंच बंधन. अंघोळीला गरम पाणी नाही, असं वहिनी लिहिते. उत्तर येतं, "नोंद घेतली आहे." पांघरुणं आखूड आहेत, असं लिहिते. ती तिने फितीने मोजली होती, आणि फीत माझी होती. उत्तर येतं, "नोंद घेतली आहे." मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी आहे."

"घडा पालथा आहे, हेसुद्धा कुणीतरी लिहून ठेवायला हवं," ती म्हणाली. असलं बोलते. तिच्याशी भांडायचीही सोय नाही.

गेल्या वर्षी तिला इथल्याच तुरुंगात एक प्लंबर भेटला. कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून उभा राहायचा होता. घरमालकाला पान्याने मारल्याचा आरोप होता. खरंखोटं कोर्ट बघेल, वहिनीला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की त्या माणसाला महिन्यातून दोन-तीनदा फिट येते आणि सहा जणांच्या खोलीत त्याला झोपायला दुमजली खाटेवरची वरची जागा दिलीय. खाली फरशी. तिने उंची मोजली, साडेपाच फूट भरली.

त्या संध्याकाळी तिने शिफारस लिहिली आणि मला वाचून दाखवली. माझ्यासारखीला कळलं तर कुणालाही कळेल, असा तिचा हिशोब असतो. "फिट येणाऱ्या कैद्यास वरच्या खाटेवर ठेवू नये." एकच ओळ. मीच म्हटलं, "वा! आता यातून कुठे पळवाट काढतात ते बघतेच."

नऊ दिवसांत उत्तर आलं. साठ नाही, नऊ! आणि त्यात "नोंद घेतली आहे" नव्हतं, "पूर्तता झाली आहे" होतं. अकरा वर्षांत असं उत्तर तिने बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी वहिनी भांडी घासताना चक्क गुणगुणत होती. दादाने वर्तमानपत्राआडून मला खूण केली. ती अतिशय बेसूर गाते. आम्ही दोघं मन लावून ऐकत बसलो.

पाच आठवड्यांनी ती पाण्याच्या टाक्या बघायला पुन्हा तिथे गेली. परत आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"प्लंबर नऊ नंबरमध्ये आहे," ती म्हणाली.

"नऊ नंबर म्हणजे?"

"एकट्याची कोठडी. अगदी मागच्या बाजूला. कुणाला शिक्षा म्हणून वेगळं ठेवायचं असलं की तिथे ठेवतात. आत सिमेंटचा कट्टा आहे, फूटभर उंच. अधीक्षक म्हणाले, मॅडम, याहून खालची खाट अख्ख्या तुरुंगात सापडायची नाही."

मला आधी हसूच आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. तो वर झोपत होता तेव्हा खोलीत पाच माणसं होती. फिट आली की तीच त्याला धरायची. आता तो फूटभरावरूनच पडणार होता, पण पडलेला कुणाला दिसणार नव्हता. कोठडीत मदतीची घंटा होती, पण तिचं बटण भिंतीवर छातीच्या उंचीला. फिट आलेला माणूस उठून बटण दाबणार कसं? माणूस आगीतून फुफाट्यात पडला होता.

"वरची नको एवढंच मी लिहिलं," वहिनी म्हणाली. "एकटा ठेवू नका, हे लिहिलंच नाही. सुचलंच नाही गं."

"असला वाकडा अर्थ काढतील हे कुणाला सुचणार?"

"मला सुचायला हवं होतं. त्याचाच पगार आहे मला."

तिथून तिची वणवण सुरू झाली. आधी साहेबांकडे. साहेब माणूस वाईट नाही, पण कुठलाही कागद त्यांना बंदच आवडतो. फाईल बघून म्हणाले, "ही बाब तर संपली. पूर्तता झालेली बाब पुन्हा उघडता येत नाही. पुढच्या वार्षिक पाहणीत घ्या." वार्षिक पाहणी दहा महिन्यांवर. मग अधीक्षकांकडे. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच सांगण्यावरून त्याला हलवला. आता तुम्हीच म्हणता परत न्या. द्या लेखी, साठ दिवसांत उत्तर देतो." तिने लेखी दिलं. मग तुरुंगाच्या डॉक्टरांकडे, जे फक्त गुरुवारी येतात. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, "रुग्णास निरीक्षणाखाली ठेवले आहे." वहिनीने विचारलं, निरीक्षण कोण करतं? डॉक्टर म्हणाले, ते तुरुंगाने बघायचं. तुरुंग म्हणालं, ते डॉक्टरांनी लिहिलंय. आणि या पाच आठवड्यांत त्याला तिथे दोन फिट येऊनही गेल्या होत्या. एकदा सकाळी पहारेकऱ्याला तो कपाळ फुटून फरशीवर पडलेला सापडला. वहीत नोंद काय, तर "कैदी पाय घसरून पडला."

हे ऐकून मी जेवता जेवता ताटली आपटली. "वर्तमानपत्रात दे! आरडाओरडा कर! तू आहेस कशाला तिथे?"

"आरडाओरडा केला तर मला आत सोडायला टाळाटाळ करतील. मग त्याला बघायला कोण जाणार?"

दादाने माझी ताटली सरळ केली. तो महिन्यातून एखादंच कामाचं वाक्य बोलतो. "तुमच्या नियमांचं पुस्तक घरी आणता येतं का?" त्याने विचारलं.

दोन संध्याकाळी दोघं ते पुस्तक घेऊन बसले. तीस वर्षं वेळेच्या नोंदी करणाऱ्या माणसाला नोंदीतली फट बरोबर दिसते. पाहणी सुरू करताना अधिकाऱ्याने फाटकावरच्या वहीत वेळ लिहून सही करायची आणि संपली की पुन्हा सही करायची. मधल्या वेळात तिला कुणी अडवायचं नाही. पाहणी किती वेळ चालावी, याबद्दल पुस्तकात चकार शब्द नव्हता.

"संपल्याची सही कोण करतं?" दादाने विचारलं.

"मीच."

"मग करू नकोस."

सोमवारी सकाळी नऊ वाजता वहिनीने वहीत "पाहणी सुरू" असं लिहिलं, सुतारकामातून एक स्टूल मागवलं आणि ते नऊ नंबरच्या गजांसमोर मांडून बसली. सहानंतर पुरुषांच्या विभागात बाई अधिकाऱ्याने थांबायचं नाही, असा मात्र नियम होता. म्हणून सहाला "पाहणी उद्या पुढे चालू" असं लिहून निघायची. बाकीच्या वेळेचं काय, हा प्रश्न तिने आम्हाला विचारू दिला नाही. रोज नऊच्या आधी फाटकावर जाऊन उभी राहायची आणि कोठडीतून तो खोकलेला ऐकू आला की मगच स्टुलावर बसायची, एवढं मला माहीत आहे.

स्टुलाचा एक पाय आखूड होता. मी तिला बसायला उशी शिवून दिली. फाटकावर तिची तपासणी झाली, आत काही लपवलंय का म्हणून चारी बाजूंची शिवण उसवली, आणि कापूस एका पिशवीत भरून हातात दिला. अकरा वर्षं आत-बाहेर करणाऱ्या बाईची उशी उसवतात, आणि कपाळ फुटलेल्या माणसाचा पाय घसरतो! मी दुसरी शिवली, दुहेरी टाक्याची. तीही उसवली. पहारेकरी तिला आपसात स्टूलबाई म्हणायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी अधीक्षक स्वतः आले. "काय बघताय, मॅडम?"

"पाहणी चालू आहे."

"पण कशाची?"

"झाली की लिहूनच देईन ना."

प्लंबरशी तिच्या गप्पा व्हायच्या. घरी आल्यावर ती त्या मला सांगायची, आणि तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. बोलता बोलता तिने त्याला आमच्या मोरीतल्या गळक्या नळाचं सांगितलं. त्याने गजाआडून हातवारे करून समजावलं, की आधी मागची चावी बंद करा, वरची टोपी काढा, वायसर बदला, आणि आवळताना जोर लावू नका. वहिनीने घरी येऊन तसं केलं. चार वर्षं गळणारा नळ थांबला. दादाने तो तीनदा उघडबंद करून पाहिला. "माणूस कारागीर आहे," तो म्हणाला.

बुधवारी वहिनी आली तेव्हा तिचा उजवा दंड खांद्यापर्यंत काळानिळा झाला होता. बाही वर करून टेबलाशी बसली. मी मलम आणलं. ती सांगत गेली.

"तो त्याच्या बहिणीच्या घराबद्दल बोलत होता. बोलता बोलता गप्प झाला, मान वळली, आणि कट्ट्यावरून खाली आला. मी ओरडले. पहारेकरी फाटकावर सही करायला गेलेला, किल्ली त्याच्या कमरेला. डोकं कट्ट्याच्या कडेवर आपटत होतं. मी गजातून हात घातला, खांद्यापर्यंत. कॉलर हाताला लागली, ती धरून त्याला कडेपासून ओढून ठेवला. तेवढंच जमलं. आणि ओरडत राहिले."

"बरं केलंस," मी म्हटलं.

"ऐक ना. दुसऱ्या हाताला घड्याळ होतं. मी ते बघितलं. तो तिथे तसा तडफडतोय, आणि मी वेळ बघितली. तीन वाजून सात मिनिटं."

दादाने अगदी हळू विचारलं, "पहारेकरी कधी आला?"

"तीन अठराला. अकरा मिनिटं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी घड्याळ बघितलं गं."

मी मलम लावत राहिले. सवय असते एखादी, असं काहीतरी म्हटलं.

प्लंबर वाचला. झटक्यात त्याचा उजवा खांदा निखळला होता, तो बसवला, पण हात आता डोक्याच्या वर जात नाही. त्याच संध्याकाळी त्याला पुन्हा सहा जणांच्या खोलीत नेलं आणि खालची खाट दिली. हुकमावर लिहिलं, "प्रशासकीय सोयीसाठी." म्हणजे वहिनीचं ऐकलं असं कुठे दिसायला नको!

दुसऱ्या दिवशी ती त्याला बघायला गेली, तेव्हा खालच्या खाटेवर आधी झोपणारा म्हातारा गवंडी तिच्याजवळ आला. "बाई, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, माझी खाट त्याला द्या म्हणून," तो म्हणाला. "पहारेकरी म्हणायचा, ज्याच्या नावावर जी खाट, तिथेच त्याने झोपायचं. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही त्याला एकट्याला बाजूला घेऊन बोललात. आम्हाला काही विचारलंच नाही."

एकांतात बोलायचा नियम चांगलाच आहे. कैद्याला कुणाचा धाक वाटू नये म्हणून केलेला. वहिनीनेच नव्या माणसांना तो शिकवलाय. आणि त्याच नियमापायी, ज्या पाच जणांकडे उत्तर होतं त्यांना ती दाराबाहेर ठेवून आली होती. चोवीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या आईच्या वेळीही नाही. त्या दिवशी ती माझ्या शिवणयंत्राशेजारी, कापडांच्या ढिगावर बसून रडली. मला तुरुंगाचा राग आला, साहेबांचा आला, डॉक्टरांचा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा तिचाही आला. खाट बदलायला किती वेळ लागतो? दोन चादरी उचलायच्या आणि दोन टाकायच्या.

तिने अहवाल लिहिला. वेळ, कोठडी, किल्ली, घंटेची उंची, सगळं लिहिलं. घंटेचं बटण जमिनीपासून हात पोचेल असं लावा, आजारी माणसाला एकटा ठेवू नका, आणि कैदी आपसात राजी असतील तर खाट बदलू द्या. या वेळी तिने तो फक्त मलाच नाही, दादालाही वाचून दाखवला, आणि यातून वाकडा अर्थ कसा निघेल ते आम्हाला शोधायला लावलं. आम्ही दोन तास शोधत होतो. काही सापडलं नाही.

उत्तर एकोणसाठाव्या दिवशी आलं. वहिनीने ते वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं: "सदर वेळी मंडळाच्या पाहणी अधिकारी स्वतः घटनास्थळी उपस्थित असल्याने कैद्याच्या सुरक्षिततेत कोणतीही त्रुटी राहिली नाही. सबब शिफारशींची आवश्यकता दिसून येत नाही."

मी ते तीनदा वाचलं. मग मी जे बोलले ते दादाने खिडकी लावून घेतल्यावरही शेजारी ऐकू गेलं. "फाड तो कागद!" मी म्हटलं. वहिनी म्हणाली, फाडता येत नाही, त्यावर क्रमांक असतो. तिने घडी घालून तो पिशवीत ठेवला, आणि सकाळी प्लंबरला वाचून दाखवायला घेऊन गेली. त्याच्याबद्दल काय लिहिलंय हे कळण्याचा त्याला हक्क आहे, असं तिचं म्हणणं.

संध्याकाळी ती परत आली आणि तशीच टेबलाशी बसून राहिली. मी विचारलं, "काय म्हणाला तो? चिडला?"

"नाही. म्हणाला, खोटं काय आहे यात, बाई? तुम्ही होतात म्हणून तर वाचलो."

"बघ, त्याला तरी कळतंय."

"त्याला काही कळत नाही!" वहिनी इतक्या जोरात ओरडली की दादा आतून बाहेर आला. "आपल्याला नऊ नंबरमध्ये कुणी टाकलं, असं त्याला अजून वाटतंय माहीत आहे? अधीक्षकांनी. माझ्या शिफारशीमुळे टाकलं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तीन दिवस त्याच्यासमोर बसले, नळ दुरुस्त करायला शिकले, पण हे मी बोलले नाही."

"मग आज सांगायचंस," मी म्हटलं.

"तेच सांगायला गेले होते. कागद वाचून झाला की सांगायचं, असं ठरवलं होतं." तिने पिशवी जवळ ओढून घेतली. "तर तो आधी माझे आभारच मानायला लागला."